सीझनचं घर

आमच्या दापोलीच्या घरात वाढलेल्या चुलत भावंडांपैकी कुणालाही ‘तुझी झोपायची खोली कुठली?’ असं विचारलं, तर उत्तर महिन्यावर ठरायचं. पावसाळ्यात माजघराला लागून असलेली उजवीकडची खोली. दिवाळी आली की बिछाने ओटीवर. नाताळच्या आठवड्यात माळा. आणि एप्रिलमधली परीक्षा संपली की सगळी पोरं अंगणातल्या मांडवाखाली ओळीने. घरातल्या चांगल्या खोल्या तेव्हा पाहुण्यांकडे असत. पैसे देऊन राहणाऱ्या या माणसांना घरात सगळे पाहुणेच म्हणत आणि त्यांच्या दिवसांना सीझन.

आम्ही सगळे आता पन्नाशीच्या आगेमागे आहोत. पुणे, ठाणे, बंगळूर अशी पांगापांग झाली आहे. गणपतीला जमलो की आरत्या झाल्यावर, पानं वाढेपर्यंतच्या वेळात, विषय सीझनवर येतोच. एकाला रातराणी एसटीच्या हॉर्नचा आवाज आठवतो, दुसरीला रहाटाचा. कुठला पाहुणा कुठल्या साली आला यावरून वाद होतात. पण ते घर आजी, मोठी काकू आणि माझी आई या तीन बायकांनी चालवलं, यावर वाद होत नाही. बाहेरच्या पाटीवर नाव आजोबांचं होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

दापोली समुद्रापासून जेमतेम सात-आठ किलोमीटर आत, पण आठशे फुटांच्या आसपास उंचीवर. खाली हर्णैला अंगाला चिकटणारी खारी हवा, आणि वर आमच्याकडे संध्याकाळी सुरूच्या झाडांतून वारा. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी वसवली ती या हवेसाठीच. म्हातारी माणसं अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात. पडक्या चर्चच्या भिंती आणि गोऱ्यांची दफनभूमी आहे. पुढे ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव चिकटलं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की कृषी विद्यापीठाच्या नोंदीसह पेपरात बातमी येते, आणि दोन दिवसांत मुंबईहून फोन सुरू होतात. आमचं घर दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला लागल्यावर, आसूदचा उतार सुरू होण्याच्या अलीकडे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं, पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर.

सुरुवात झाली विद्यापीठामुळे. दापोलीत कृषी महाविद्यालय आधीपासून होतं. १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून मुलं यायला लागली. मुलांबरोबर बाप येत. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, दोन-दोन दिवस एसटी बदलत. मुलगा वसतिगृहात गेला की बाप स्टँडवर. त्या वेळी गावात उतरायला जागा अगदीच कमी. आजोबांनी असाच एक गृहस्थ भर पावसात स्टँडवर बसलेला पाहिला आणि घरी आणला. आजीने त्याला मऊ भात, मेतकूट आणि कुळथाचं पिठलं वाढलं. कुळीथ हा प्रकार त्याने तोवर पाहिलेला नव्हता. सकाळी त्याने पैसे काढले, आजोबांनी घेतले नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचं पोस्टकार्ड आलं: घरच्या मंडळींनी समुद्र पाहिलेला नाही, आठ दिवस आपल्याकडे राहू, पण या खेपेस पैसे घेणार असाल तरच येऊ. ते कार्ड आजीने मोठ्याने वाचून घेतलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘घेऊ म्हणून कळवा.’

आमच्या घरचा सीझन आजीच्या त्या उत्तरापासून सुरू झाला, असं मी मानते. आजोबांनी आयुष्यभर ही गोष्ट आपल्या आदरातिथ्याची म्हणून सांगितली. पण आजोबांनी तर पैसे नाकारले होते. घेऊ म्हणाली ती आजी.

मग तोंडोतोंडी नाव पसरलं. शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी पत्र्यावर पाटी रंगवून दिली, ‘राहण्या-जेवणाची घरगुती सोय’. येणारे कशासाठी येत, याचे आम्ही मुलांनी प्रकार पाडले होते. पुण्याचे, साताऱ्याचे मास्तर आणि बाई पालगडला जाण्यासाठी येत. साने गुरुजींचा जन्म पालगडचा, १८९९ सालचा, आणि इंग्रजी शिक्षणासाठी ते दापोलीच्या मिशन शाळेत होते. या पाहुण्यांना पालगडचं घर पाहायचं असे आणि ‘श्यामची आई’तला श्याम ज्या रस्त्याने चालत घरी जायचा तो रस्ताही. काही जण श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्या डोक्यात घेऊन यायचे. पेंडसे मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली, तरी तीस वर्षांनंतरही आसूदच्या व्याघ्रेश्वराच्या देवळात उभं राहून माणसं इकडेतिकडे बघत, जणू बापू आत्ता वळणावरून येईल. काहींना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा नवस फेडायचा असे. काहींना सुवर्णदुर्ग. आणि बरेच जण कशासाठीच येत नसत. ते ओटीवरच्या झोपाळ्यावर बसत, जेवत, झोपत आणि चौथ्या दिवसापासून गोरे दिसायला लागत. आजीला हे शेवटचे सगळ्यांत आवडत.

आजीच्या लहानपणी लोक बोटीने येत. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णैला बंदराबाहेर उभी राहायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणायचे. लुगडी भिजायची, ट्रंका भिजायच्या. आमच्या वेळी मात्र एसटी. मुंबईहून रात्री निघालेली गाडी कशेडीचा घाट चढून, खेडवरून, उजाडता उजाडता दापोलीला पोचायची. तोपर्यंत निम्मी मंडळी घाटातल्या वळणांनी आडवी झालेली. पाहुण्यांची पहिली भेट त्यामुळे नेहमी अशीच व्हायची: पिवळे चेहरे, हातात चपला, आणि काकू आलं घातलेला कोरा चहा घेऊन उभी. त्यात दूध नाही घालायचं, घाट उतरेपर्यंत, असं ती सांगे. तासाभराने तीच माणसं आंबोळ्या मागून घेत.

न्याहारीबद्दल सविस्तरच लिहायला हवं, कारण आमच्या घरची कीर्ती तिच्यावर होती. काकू पहाटे चारला उठे. आधी परसातली पाणचूल पेटवायची, त्यावर अंघोळीच्या पाण्याचा हंडा. मग आदल्या संध्याकाळी वाटलेल्या पिठाकडे बघायचं, ते फुगलं आहे की नाही. आंबोळीचा दिवस असला तर बिडाचा तवा, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून त्याने पुसायचा. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी, मागितली तर काळ्या वाटाण्याची उसळ. दुसऱ्या दिवशी घावन आणि नारळाचा गोड रस. तिसऱ्या दिवशी दडपे पोहे, त्यात घरच्या नारळाचं पाणी शिंपडलेलं, वरून पोह्याचा पापड चुरडून. फणस पिकला की गऱ्यांची सांदणं, ती पानात पडली की हळदीच्या पानाचा वास दारापर्यंत यायचा. कधी खापरोळ्या. आणि कुणाचं पोट बिघडलं असेल तर त्याला न विचारता मऊ भात, वर तूप, कडेला भाजलेला पापड. हे सगळं काकूच्या डोक्यात असायचं. कुठलं कुटुंब कुठल्या दिवशी आलं, त्यांना काय वाढून झालं, कोणत्या मुलाला ओलं खोबरं चालत नाही, ठाण्याच्या आजींना कवळी आहे म्हणून त्यांचा घावन किती मऊ हवा. कागदावर तिने एक अक्षर कधी लिहिलं नाही. आमच्या चुलतबहिणीने पुढे हॉटेल व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं, ती म्हणते, तिथे दोन वर्षं जे शिकवलं ते आईला बघून आधीच येत होतं. फक्त आईला त्याचं प्रमाणपत्र नव्हतं.

आईकडे दुपार आणि रात्र. आई माहेरची घाटावरची, लग्न होऊन आली तेव्हा तिला नारळ खवायचासुद्धा माहीत नव्हता. पण ओल्या काजूची उसळ तिच्या हातची जशी व्हायची तशी काकूलाही जमली नाही, हे काकूच सांगे. कुयरीची भाजी, केळफूल, आठळ्या घातलेली आमटी, कडव्या वालाचं बिरडं, आमसुलाचं सार. ताटं नव्हती, केळीची पानं. पंगत माजघरात बसे आणि घरातली पुरुषमंडळी, पाहुणे, पोरं अशी उठून गेली की शेवटी तिघी बसत. त्या वेळेपर्यंत साडेतीन झालेले असत. चारला चहाची हाक येई.

घर शाकाहारी. मुंबईच्या पाहुण्यांना तिसऱ्या दिवशी मासे आठवत. त्याचीही वाट आजीने काढली होती. हर्णैच्या वाटेवर एक खारवी कुटुंब होतं, त्या घरच्या मावशी आमच्याकडे नारळ न्यायला येत. पाहुणे संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जात. होड्यांतून उतरवलेली मासळी बैलगाड्यांतून पाण्यातूनच किनाऱ्याला येते, तो देखावा बघण्यासारखा आहे, आजही आहे. मग रात्री त्या मावशींकडे जेवत. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी. पैसे मावशींना. आजीने त्यातला पैसा कधी मागितला नाही, आणि मावशींकडे विचारत आलेलं पाहुण्यांचं कुटुंब मावशींनी कधी दुसरीकडे पाठवलं नाही. दोन घरांतला हा व्यवहार नारळाच्या पाटीवर बसून ठरला होता.

मे महिन्यातली खरी कसोटी पाण्याची. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. बाहेरच्यांना हे पटत नाही. जांभा सच्छिद्र, वरची माती पातळ, जमीन उताराची. पाणी मुरतं ते थांबत नाही, ओढ्यांतून खाली समुद्राला मिळतं. नेमक्या त्याच महिन्यात घरात माणसं तिप्पट. रहाट ओढणं हे आम्हा मुलांचं काम. पहाटे पाझर साठलेला असे तेव्हा आणि पुन्हा रात्री जेवणानंतर. हाताला फोड येत, मग ते कडक होत. मुंबईच्या मुलांना गंमत वाटे, तीही येऊन ओढत, आणि अर्ध्या तासात बसून राहत. पाहुण्यांना आजी पहिल्या दिवशीच सांगे, अंघोळीला माणशी एक बादली आणि एक तांब्या. लाजत नसे. एका वर्षी एक साहेब रागावले, पैसे दिले आहेत म्हणाले. आजीने त्यांना विहिरीवर नेलं, आत बघायला लावलं. त्या गृहस्थांनी नंतर दोन दिवस आमच्याबरोबर पाणी ओढलं आणि पुण्याला गेल्यावर पंपाची चौकशी करून पत्र लिहिलं.

पाहुण्यांना पाणी पाहायचं असेल तर आम्ही त्यांना आसूदला नेत असू. सुपारीच्या बागेतून उतरायचं, नदी ओलांडायची, पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जायचं. भर उन्हात तिथे गोमुखातून गार पाण्याची धार पडत असते, वरच्या डोंगरातून दगडी पाटाने आणलेली. वाटेत सुपारीच्या सावलीत अंगावरचा घाम वाळतो. दमलेले पाहुणे त्या धारेखाली डोकं घालत, आणि आम्ही मुलं, घरी बादली मोजणारी, ओंजळीने पाणी उडवत असू.

काका आणि बाबा या सगळ्यात कुठे होते? आंब्यात. सीझन आणि हापूस एकाच वेळी येतात. दिवस उगवायच्या आत झेला घेऊन झाडाखाली. विद्यापीठाने नूतन झेला काढल्यावर देठासकट फळ उतरवणं सोपं झालं, डिंक सालीवर सांडून डाग पडायचे ते कमी झाले. काका त्याचं कौतुक प्रत्येक पाहुण्याला करून सांगत. मग पेंढ्याची अढी, निवड, पेट्या, ट्रक. कष्ट त्यांचेही होते, ते मी कमी लेखत नाही. पण आंब्याचा पैसा मोहोरावर, थ्रिप्सवर, अवकाळी पावसावर आणि वाशीच्या दलालावर अवलंबून असे. एखाद्या वर्षी पेटीचा खर्चसुद्धा निघत नसे. सीझनचा पैसा मात्र यायचाच. तो आजीच्या पितळी डब्यात जाई, आणि डब्याची किल्ली आजीच्या कमरेला. आंबा बुडाला त्या वर्षांत आमचं घर त्या डब्यावर चाललं. आत्याचं लग्न, विहीर आणखी खाली नेणं, काकूच्या थोरल्या मुलीचं पुण्यातलं वसतिगृह, माझी फी. हे सगळं आंबोळ्यांतून उभं राहिलं आहे.

मेच्या शेवटी आगोटीची घाई. पाऊस पडायच्या आत सगळं घरात यायला हवं. आमसुलं सुकवायची, आंब्याची साठं, फणसपोळी, मिरगुंडं, डांगराचं पीठ. अंगणभर ताटं आणि सुपं, आणि राखणीला आम्ही काठी घेऊन. पाहुण्यांच्या बायका मदतीला बसत. त्यांच्यातल्या कित्येकींनी फणसाचे गरे काढायला, हाताला तेल लावून, आमच्या अंगणात शिकून घेतलं. निघताना प्रत्येक कुटुंबाच्या पिशवीत काहीतरी जायचं, काही विकत, काही असंच. काय विकत आणि काय असंच, याचा हिशेब आजी आणि काकू नजरेनेच करत.

पाहुण्यांकडून आम्हाला काय मिळालं ते सांगितलं नाही तर ही आठवण एका बाजूची होईल. मुंबईचे एक गणिताचे प्राध्यापक दर मेमध्ये येत. दुपारी सगळं घर झोपलं की ते ओटीवर फळ्याऐवजी लाल कोब्यावर खडूने भूमिती शिकवत. आमच्या चुलतभावाचं गणित त्या कोब्यावर सुधारलं, आणि आज तो बंगळुरात इंजिनिअर आहे. दादरची एक मुलगी माझ्या वयाची. ती पुस्तकं आणे, मी तिला रतांब्याच्या झाडावर चढायला शिकवलं. वर्षभर आमची आंतर्देशीय पत्रं. तिच्या मुलीच्या लग्नात मी वधूपक्षाकडून उभी होते. पाहुण्यांकडूनच आमच्या घरात पहिल्यांदा प्रेशर कुकर आला, पहिलं कोडं घातलेलं इंग्रजी मासिक आलं, आणि मुलगी डॉक्टर होऊ शकते हे उदाहरण आलं. बाहेरच्या जगाची खिडकी आमच्याकडे मे महिन्यात उघडायची.

घरही त्यांच्यामुळे बदलत गेलं. आधी संडास परसाच्या टोकाला, कंदील घेऊन जायचं. एका पावसाळ्यात तो घराजवळ आला. मग पंप आणि सिमेंटची टाकी. मग माजघराच्या खोल्यांना पंखे. बाळंतिणीच्या खोलीचं न्हाणीघर झालं तेव्हा आजी जरा गप्प होती, कारण आमच्या घरातली सगळी पोरं त्या खोलीत जन्मली होती. पण ‘अटॅच्ड आहे का?’ हा प्रश्न तोवर प्रत्येक फोनवर येऊ लागला होता. पोस्टकार्डं थांबली होती. नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्याच्या पोराला आमचे निरोप आणायचे वेगळे पैसे मिळत.

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. आमचं स्टेशन खेड, तिथून पुढे तासाभराचा रस्ता. पिवळे चेहरे कमी झाले. पण त्याहून मोठा बदल मोटारींनी केला. आठ दिवसांची माणसं दोन दिवसांची झाली. शुक्रवारी रात्री यायचं, रविवारी जेवून निघायचं. मुरूड, कर्दे, लाडघरच्या किनाऱ्यांवर घरोघरी खोल्या निघाल्या, नंतर हॉटेलं निघाली, काही ठिकाणी टेकडी कापून पोहण्याचे तलाव बांधले गेले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना आली आणि आमच्यासारख्या घरांना कागदावर नाव मिळालं. काकांनी नोंदणी केली. बाणकोटजवळच्या वेळासमध्ये तर वेगळीच वाट निघाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. आमच्या आजीने जे केलं ते तिथे सबंध गावाने केलं, असं मला वेळासला गेलं की वाटतं. तिथल्या बायकांच्या हालचालींत तीच लगबग, तीच मोजदाद.

काकू स्वतः कधी हवापालटाला गेली नव्हती. हे आमच्या लक्षात आलं ते तिची साठी करायची म्हणून बसलो तेव्हा. तिला कुठे जावंसं वाटतं असं विचारलं, तर तिला उत्तर सुचेना. मग आम्ही भावंडांनी तिला, आईला आणि काकांना महाबळेश्वरला नेलं. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून. उतरलो ते घरगुतीच ठिकाण. पहिल्या पहाटे काकू चारला उठली, नळ उघडला, पाणी गार लागलं म्हणून चूल शोधत स्वयंपाकघरात गेली. तिथल्या बाई उठल्याच होत्या. त्यांनी काकूला पाट दिला, चहा दिला, आणि ती विळी घ्यायला लागली तेव्हा हातातून काढून घेतली. दोघी उजाडेपर्यंत बोलत बसल्या. काय बोलल्या ते काकूने सांगितलं नाही. नाश्त्याला थालीपीठ होतं. काकूने दोन खाल्ली, तिसऱ्याला नको म्हणाली, बाईंनी तरी वाढलं. त्या सकाळी तिच्या समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना पहिल्यांदाच दिसलं की काकू गरम खाते तेव्हा किती हळू खाते.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. करोनामुळे त्या वर्षी सीझन झालाच नव्हता. दुपारी काही तासांत दापोली-मंडणगडचं रूप पालटलं. आंजर्ले, केळशी, मुरूड, आसूद इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या. आमची मागच्या पडवीची कौलं उडाली, माळ्यावर पाणी, मांडवाचे खांब शेजाऱ्यांच्या आवारात. आजीने लावलेली पोफळीची रांग सबंध गेली. पोफळ धरायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे बागेची भरपाई कागदावर कितीही लिहिली तरी झाड उभं राहायला एक पिढी जाते. वीज बरेच दिवस नव्हती. तारा ओढायला महावितरणची पथकं बाहेरच्या जिल्ह्यांतून आली. त्यांतली काही मुलं आमच्या ओटीवर राहिली, अंतर राखून. काकू तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली. तिने चुलीवर भात टाकायला लावला, पिठलं स्वतः ढवळलं. त्यांच्यातला एक मुलगा अकोल्याकडचा होता. कुळीथ त्यालाही माहीत नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर घर ठेवायचं की नाही, यावर आमच्यात खूप बोलणं झालं. विकायला गिऱ्हाईक होतं, किंमत चांगली येत होती. शहरात राहणाऱ्या आम्हा बहिणींचं मत कुणी मागितलं नाही असं झालं नाही, सगळ्यांना विचारलं गेलं. ठरवलं ते गावातच राहिलेल्या चुलतभावाच्या बायकोने, आमच्या धाकट्या वहिनीने. ती म्हणाली, मी चालवीन, पण माझ्या पद्धतीने. खोल्या दोनच. माणसं आठच्या वर नाहीत. न्याहारी आणि रात्रीचं जेवण. दुपारी बाहेर जेवा. पाहुण्यांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर घरच्यांनी जेवायचं. मदतीला वाडीतल्या दोघी, ठरलेल्या पगारावर, रविवारी एकीला सुट्टी. काकूला हे ऐकताना अवघड गेलं असावं, तिचा चेहरा तसा झाला होता. पण तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी आंबोळीच्या बिडाच्या तव्याची जागा वहिनीला दाखवली.

परसात आता पावसाचं पाणी साठवायला कौलांच्या पन्हळीखाली मोठी टाकी आहे. विद्यापीठाकडून आणलेली पोफळीची रोपं छातीइतकी झाली आहेत. चुलतभावाने ग्रामपंचायतीत घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं लावून घेतली, आणि नंतर ‘निवास व न्याहारी’ची नोंदणी वहिनीच्या नावाने केली. पत्र्याची जुनी पाटी गंजली होती, ती उतरवली. नव्या पाटीवर तिचं नाव आहे. बुकिंगचे पैसे तिच्या खात्यात येतात. यंदा एप्रिलमध्ये तिने विहिरीत डोकावून पाहिलं आणि मेच्या शेवटच्या आठवड्याची तीन कुटुंबं फोनवरच पुढे ढकलली.